गच्चीवरचा अँटेना, नोंद ५: शहात्तरशेची वाट

मागच्या नोंदीनंतरची पहिली बातमी: पाय भाजला. माझा नाही, रास्पबेरी पाय, म्हणजे गच्चीवरच्या अँटेनाने पकडलेले विमानांचे संदेश वाचून ती नकाशावर दाखवणारा माझा छोटा कॉम्प्युटर. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या डब्यात कॉम्प्युटर ठेवणाऱ्याला अक्कल शिकवायला ऊन पुरेसं असतं. ८० अंशांना तो बिचारा स्वतःहून वेग कमी करतो आणि दुपारभर निम्मी विमानं नकाशावरून गायब. आता पाय आणि त्याला जोडलेला डोंगल (रेडिओ रिसीव्हर) दोन्ही जिन्याखालच्या कोनाड्यात, कुलरच्या वाऱ्याच्या वाटेवर आहेत. वर फक्त अँटेना. मधे डिशची जुनी आरजी-६ केबल, बारा मीटर. केबलमध्ये दोन-अडीच डेसिबल जातात, जाऊ देत.

अँटेना तोच. घराच्या वायरिंगमधली अडीच स्क्वेअरची तांब्याची तार सोलून, बर्डीच्या बाजारातून आणलेल्या कनेक्टरवर एक तुकडा उभा आणि चार खाली ४५ अंशांत वाकवलेले. विमानाचा ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख आणि उंची आपोआप कळवणारं यंत्र) १०९० मेगाहर्ट्झवर बोलतो, म्हणजे लहर साडेसत्तावीस सेंटिमीटरची आणि तिचा पाव भाग ६.९ सेंटिमीटर. पहिल्यांदा सात धरून कापलं होतं, नंतर कानशीने घासत बसलो. फरक पडला का? डोळ्यांना दिसेल असा नाही. पण समाधान झालं.

पल्ला पश्चिमेला आणि दक्षिणेला २८० किलोमीटरच्या आसपास. ३५,००० फुटांवरच्या विमानासाठी क्षितिजाचं गणित ४३० च्या पुढे जातं, तेव्हा अजून वाव आहे. बालाघाटच्या दिशेला मात्र नकाशाचा लचका तोडल्यासारखा दिसतो. तिथे आमची पाण्याची टाकी उभी आहे.

बाकी आपल्या शहरासारखं आभाळ या छंदाला दुसरं नाही. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री इथेच एकत्र यायची आणि थैल्या बदलून परत फिरायची. आज त्याच चार दिशांची जेट्स डोक्यावरून जातात, बहुतेक न थांबता.

आता मुख्य काम. ठरवलं होतं की कुठल्याही विमानाने ७६०० लावला की घरात बझर वाजला पाहिजे. नव्यांसाठी थोडक्यात: खालचा हवाई वाहतूक कंट्रोलर प्रत्येक विमानाला ट्रान्सपॉन्डरवर लावायला चार आकडी कोड देतो, प्रत्येक आकडा शून्य ते सात. त्यातले तीन राखीव. माझी खूणगाठ अशी: पंच्याहत्तर म्हणजे पळवलं, शहात्तर म्हणजे शब्द गेला, सत्त्याहत्तर म्हणजे संकट. पुढे दोन शून्यं लावायची. वैमानिकाने ७६०० फिरवला की खाली रडारवर कळतं, याचा रेडिओ गेला. मग तो काय करणार तेही ठरलेलं असतं. दिवस स्वच्छ असेल तर नजरेनं उडत जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं. ढगांत असेल तर शेवटचा दिलेला वेग आणि उंची ठरावीक मिनिटं धरून ठेवायची आणि नंतर आधी दिलेल्या फ्लाइट प्लॅनप्रमाणे जायचं. टॉवरवरून हिरवा स्थिर दिवा दिसला तर उतरायची परवानगी, लाल स्थिर दिवा दिसला तर दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहायचं.

बझर पहिल्याच संध्याकाळी वाजला. धावत आलो तर मुंबईचं नेहमीचं विमान, निवांत सोनेगावला, आपल्या विमानतळावर, उतरत होतं. पाऊण तासाने परत बझर. मग परत. रात्री अकराला आईने विचारलं, "हे भोंगं बंद होते का मी करू?" तेव्हा माझा प्रोग्रॅम उघडला. मी विमानाच्या संदेशाच्या आख्ख्या ओळीत '७६००' हे अक्षर-अक्षर शोधत होतो, आणि त्याच ओळीत विमानाची उंचीही फुटांत येते. नागपूरला उतरणारं प्रत्येक विमान कधीतरी ७,६०० फुटांवरून जाणारच! वर जाणाऱ्यांची १७,६०० आणि २७,६०० वेगळीच. आता फक्त कोडचा रकाना बघतो, शिवाय आणीबाणीचा रकाना. तिथे 'नॉर्डो', म्हणजे नो रेडिओ, असं आलं तरच वाजतो.

त्यानंतर एकेचाळीस दिवस झाले. एकदाही वाजला नाही.

शेजारचे काका रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालेले. संध्याकाळी गच्चीवर येतात, स्क्रीनकडे बघत चहा पितात. परवा म्हणाले, "काय शोधून राहिला रे इतक्या दिवसांपासून?"

"ज्याचा रेडिओ बंद पडला असं विमान, काका."

"बंद पडला हे त्याले माहीत आहे का पण?"

मी म्हटलं, माहीत असल्याशिवाय कोड कसा लावेल. ते म्हणाले, "मग ज्याले माहीतच नाही त्याचं काय करशीन?" आणि रेल्वेचं सांगायला लागले. दोन स्टेशन मास्तर गाडीसाठी लाइन देताना पोच म्हणून प्रायव्हेट नंबर देतात-घेतात. नंबर आला नाही तर समोरच्याला कळलंच नाही असं धरायचं. "गप्प बसलेला माणूस आपण होऊन सांगत नसते की मी गप्प आहे."

माझा सगळा प्रकल्प इथे उलटा झाला. रेडिओ खरोखर बिघडणं दुर्मीळ, मोठ्या विमानात बोलायच्या व्हीएचएफ रेडिओचे बहुधा तीन संच असतात. संपर्क तुटतो तो जास्त करून साध्या गोष्टींनी. एका सेक्टरचा कंट्रोलर पुढची फ्रीक्वेन्सी देतो, वैमानिक ती बरोबर म्हणून दाखवतो आणि एक आकडा चुकीचा फिरवतो. किंवा आवाज बारीक केलेला राहतो. किंवा माइकचं बटण दाबलेलंच अडकतं. मग तो स्वतः काही ऐकू शकत नाही, आणि त्या फ्रीक्वेन्सीवरच्या बाकी सगळ्यांचंही बोलणं बुजतं. सरळ उड्डाणात पाच-दहा मिनिटं कुणी बोललं नाही तर त्यात वावगं काही नसतं, म्हणून त्याला शंका येत नाही. वर शांतता, खाली बोंबाबोंब: १२१.५ या आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर हाका, दुसऱ्या विमानांमार्फत निरोप, कंपनीकडून डेटा मेसेज.

२१ ऑक्टोबर २००९ चं नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं उड्डाण १८८ आठवा. सॅन दिएगोहून मिनियापोलिसला जाणारं ए-३२०, तासाहून जास्त वेळ गप्प. ३७,००० फुटांवरून आपल्या मुक्कामाच्या सुमारे दीडशे मैल पुढे निघून गेलं. दोन्ही वैमानिक लॅपटॉपमध्ये गुंतले होते. केबिनमधून फोन आला, उतरणार कधी, तेव्हा जाग आली. आपल्याकडचं उदाहरण १६ फेब्रुवारी २०१७ चं. जेट एअरवेजचं मुंबई-लंडन विमान, ३३० प्रवासी, जर्मनीवर संपर्क तुटला आणि शेजारी दोन युरोफायटर लढाऊ विमानं येऊन उभी राहिली. म्हणजे शांतता कळते ती विचारणाऱ्याला. काका बरोबर.

तर प्रश्न असा, की टॉवरचं बोलणं न ऐकता (त्या परवान्याच्या भानगडीत मला पडायचंच नाही) कोण ऐकतंय आणि कोण नाही, हे गच्चीवरून दिसेल का?

थोडंफार दिसतं असं मला आता वाटतं. नव्या ट्रान्सपॉन्डरमधून ऑटोपायलटवर निवडलेली उंचीही बाहेर पडते. विमान आत्ता किती उंचीवर आहे ती नव्हे, तर वैमानिकाने बटण फिरवून पुढची कुठली लावली ती. सहसा हे बटण कंट्रोलरने परवानगी दिल्यावरच फिरतं. म्हणजे तो आकडा बदलला की खालून काहीतरी सांगितलं गेलं आणि वरती ते पोचलं. काकांना हे दाखवलं तर म्हणाले, "हा झाला प्रायव्हेट नंबर."

म्हणून बझरचा नियम बदलतोय. ढोबळ हिशेब हजार फुटांना तीन सागरी मैल असा धरतात, म्हणजे ३५,००० वरून नागपूरला यायला शंभरेक मैल आधी उतरणं सुरू झालं पाहिजे. ऐंशी मैल राहिले, उंची तीच, निवडलेला आकडाही तोच, तर वाजायचं. अडचण एकच: विमान कुठे उतरणार हे त्या संदेशात नसतं, फक्त फ्लाइटचा क्रमांक असतो. त्यामुळे नागपूरच्या विमानांची यादी मी वेळापत्रकावरून हाताने केली.

काल रात्री ९.४० ला वाजला. यादीतलं विमान, ३५,००० फूट, नागपूर डावीकडे टाकून सरळ पुढे. छातीत धस्स झालं. दहा मिनिटांनी उलगडा झाला: यादी मागच्या हंगामाच्या वेळापत्रकाची होती, तो क्रमांक आता हैदराबादचा आहे. तेवढ्यात त्याचं बटण फिरलं, ३५,००० चे २४,००० झाले, आणि काही सेकंदांत उंची घसरायला लागली. मी आणि काका बघत होतो. काका म्हणाले, "घे, बोललं कोणीतरी."

यादी आज नव्याने करतोय. टाकी हलवायला बाबा तयार नाहीत.