तुम्ही विचारलंत म्हणून: वाळलेल्या रानात बघायचं काय?

माघ लागला की हा प्रश्न ठरलेला. “पावसाळ्यात रानात भटकणं समजू शकतो, पण आत्ता जाऊन बघायचं काय? सगळं तर वाळलंय.”

वाळलंय, खरंच आहे. पण पंचांगातला वसंत चैत्रात लागतो आणि झाडांचा त्याच्या महिना-दीड महिना आधी, शिशिराच्या पोटातच सुरू होतो. पाडव्यानंतर हौसेने निघालात तर काटेसावरीवर फुलांऐवजी बोंडं दिसतील आणि पळसाखाली सुकलेला सडा. मी सांगतोय ते मुख्यतः मावळ, मुळशी, भोरकडच्या रानाबद्दल. कोकणात किंवा विदर्भात तारखा थोड्या पुढेमागे धरा.

पाऊस थांबून तोवर चार महिने झालेले असतात. पान म्हणजे पाणी उडून जायची वाट. झाड पान टाकतं, खोडातलं पाणी वाचतं आणि त्याच्या जोरावर कळ्या धरतात. शिवाय निष्पर्ण फांदीवरचं फूल पाखरांना लांबून दिसतं. त्यामुळे या दिवसांत नजर पायवाटेवर कमी आणि शेंड्यांकडे जास्त हवी.

रोज नवी वाट धरू नका. दोन किलोमीटरची एकच वाट निवडा, तिच्यावरची पाच-सहा झाडं ठरवा आणि दर आठ दिवसांनी तीच बघा. वहीत एवढंच लिहायचं: तारीख, झाड, पानं किती उरली, कळी की फूल की शेंग. दरवेळी नवी जागा गाठणाऱ्याला फुललेलं झाड दिसतं, पण ते फुलताना दिसत नाही. वेळ सकाळचीच. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तिथून साडेनऊपर्यंत. ऊन चढलं की पाखरं गप्प होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ काटेसावर, पांगारा आणि पळस या तीन लाल झाडांचा होतो, आणि तो बहुतेक काट्यांमुळे. पांगाऱ्यालाही काटे, काटेसावरीलाही काटे; त्यात काटेसावरीच्या जुन्या खोडाचा खालचा भाग पुष्कळदा गुळगुळीत झालेला असतो. म्हणून आधी झाडाची ठेवण बघा. काटेसावरीचं खोड सरळ उभं जातं आणि फांद्या मजल्या-मजल्याने आडव्या फुटतात. फूल वाटीएवढं, पाच जाड पाकळ्या, मधे पुंकेसरांचा झुबका. पांगाऱ्याचे लालभडक तुरे फांदीच्या टोकाला येतात. पळस वेडावाकडा, फूल केशरी आणि फांदीभर. त्याची काळपट मखमली कळी जानेवारीअखेरीला हाताला लागते, तेव्हा झाड मेल्यासारखं दिसत असतं. फूल उमललं की एक पाकळी राघूच्या चोचीसारखी वाकलेली दिसेल. होळीच्या रंगासाठी फुलं हवी असतील तर खाली पडलेली वेचा आणि रात्रभर कोमट पाण्यात घाला. फांद्या ओरबाडायची गरज नाही.

फुललेल्या पळसासमोर किंवा काटेसावरीसमोर वीस मिनिटं बसा. पुढच्या झाडाकडे धावू नका. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, कोतवाल असे सगळे हजेरी लावतात. भोरड्यांचा थवा आला तर गोंगाटाने कळतंच. त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. मध्य आशियाकडून आलेली ही पाखरं एप्रिलच्या सुमाराला परत फिरतात. थिरथिरा आणि धोबी हे पाहुणे पक्षीही त्याच सुमारास निघतात. कोण आलं याची नोंद सगळे करतात, पण शेवटचा थिरथिरा कधी दिसला हे फार थोड्यांच्या वहीत सापडतं.

तांबटाची तक्रार ठरलेली: टुक्‌-टुक्‌ ऐकू येतं, पक्षी सापडत नाही. तो बोलताना मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते. आवाजामागे धावण्यापेक्षा जवळच्या सर्वांत उंच वाळक्या शेंड्यावर नजर ठेवा. सकाळचं ऊन खात तिथेच बसलेला असतो. पोखरलेल्या वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक दिसलं तर लांबूनच बघा, ते त्याचं घर असू शकतं. दुर्बीण 8 बाय 42ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरते. 10 पटीची हातात जास्त थरथरते.

आता त्रासाच्या गोष्टी. कुसळी गवताचं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा पीळ घेतं आणि असं फिरत-फिरत कापडात घुसतं. लोकरी मोजे घातलेत तर ते उपसण्यात सकाळ जाईल; गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला. खाजकुइली त्याहून वाईट. तिच्या सोनेरी-तपकिरी शेंगा याच दिवसांत वाळलेल्या असतात, वाऱ्यावर केस उडतात. वेल दिसला तर त्याच्यावरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला उभं राहू नका. अंगाला लागलेच तर हाताने चोळू नका, केस आणखी पसरतात. चिकटपट्टी लावून हलकेच ओढा, मग पाणी. कांडोळीचं पांढरं खोड खुशाल कुरवाळा, पण तिच्या लाल फळांवरचे केसही बोचरे असतात.

काटेसावरीच्या उंच फांदीला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर त्या झाडाखाली बसायचं नाही, अत्तर लावून जायचं नाही, आणि जवळपास काडी तर ओढायचीच नाही. तशीही या दिवसांत काडी नकोच. गवत इतकं सुकलेलं असतं की वणवा पेटायला विडीचं थोटूकही पुरतं.

आणि एक झाड मुद्दाम शेवटी ठेवलंय, कुसुंब. मार्चमध्ये त्याला पालवी फुटते ती तांबडीलाल, लांबून फुलंच वाटावीत अशी. थोड्याच दिवसांत पोपटी होते आणि बाकीच्या हिरव्यात मिसळून जाते. ती गाठायची असेल तर झाड आत्ताच, जुनी पानं असतानाच हेरून ठेवा. एका देठावर बहुधा पर्णिकांच्या, म्हणजे संयुक्त पानातल्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात आणि टोकाची जोडी सर्वांत मोठी. सापडलं की वहीत खूण करा आणि होळीच्या सुमारास त्या वाटेवरची खेप चुकवू नका.