तापानंतरचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट

रिपोर्टमध्ये शुक्राणू कमी आले, तर आधी आठवा: गेल्या तीन महिन्यांत डेंगी किंवा टायफॉइडसारखा जोराचा ताप येऊन गेला का? वृषणातल्या बारीक नलिकांमध्ये मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू घडायला साधारण 74 दिवस लागतात. पुढे अधिवृषणात (वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीत) तो आणखी काही दिवस मुरतो आणि तिथेच त्याला पोहण्याची ताकद येते. वृषणाला शरीरापेक्षा 2 ते 4 अंश सेल्सिअस कमी तापमान लागतं, म्हणून तापात अर्धवट घडलेल्या पेशी मरतात. त्याचा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो. अशा वेळी घाबरून औषधं सुरू करू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

नमुना बिघडला तरी आकडे पडतात. आधीच्या वीर्यस्खलनानंतर नमुना देईपर्यंत 2 ते 7 दिवसांचं अंतर हवं. पहिले थेंब सांडले तर सांगा, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. नमुना घेताना तेल, थुंकी, साधा कंडोम नको. डबी अंगाजवळ धरून तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा.

आणि कळकळीने सांगतो, मूल हवं असेल तर जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात.