रेघांचा कागद

लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मी इंदूरला बी.एड.ला नाव घातलं, हिंदी माध्यमातून. २०१४च्या नियमांपासून हा कोर्स दोन वर्षांचा आहे आणि त्यातले २० आठवडे शाळेत काढायचे असतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे बिनपगारी नोकरीच की!"

आधी सूक्ष्म अध्यापन. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चुका ऐकायच्या, बारा मिनिटांत पाठ नव्याने बसवायचा, पुन्हा सहा, पुन्हा सहा. समोर विद्यार्थी म्हणून वर्गमैत्रिणीच. त्या कशाला अडतील? जेंडर आणि समावेशक शाळा, दोन्ही पेपरांत मार्कही छान पडले. आपल्या वर्गात भेदभाव होणार नाही, याची मला खात्रीच होती.

इंटर्नशिपला सातवीचं विज्ञान मिळालं. मैत्रिणीला मागच्या बाकावर बसवलं, हातात बाकांचा नकाशा दिला. ज्याला प्रश्न विचारीन त्याच्या चौकोनात एक रेघ. तासानंतर कागद पाहिला तर १९ रेघांपैकी १४ मुलांच्या रांगेतल्या पुढच्या तीन बाकांवर! खिडकीकडची मुलींची रांग जवळजवळ कोरी. खाली तिने लिहिलं होतं, 'उत्तरासाठी थांबतेस जेमतेम एक सेकंद.'

त्या रांगेतल्या एकीला मी विचारलं होतं खरं. ती तिच्या माळवी बोलीत म्हणाली, "म्हारे नी आवे." मी लगेच दुरुस्त केलं, "मुझे नहीं आता, बोलो." वर्ग हसला, ती बसली. आणि पुण्याची चुलत भावंडं माझ्या इंदुरी मराठीतल्या 'करून राहिली'ला हसतात तेव्हा मला किती राग येतो!

मग नावांच्या चिठ्ठ्यांचा डबा केला. चिठ्ठी निघाली की मनात तीन आकडे मोजायचे. तीन सेकंद फार लांब असतात हो. मुलं चुळबुळतात, पुढचे हात हलवत राहतात. आवाज वाढला म्हणून शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या.

अंतिम पाठाला परीक्षक बसले होते. विषय ऊष्मा, तव्याला लाकडी मूठ का? चिठ्ठी नेमकी तिचीच निघाली. एक, दोन, तीन. चौथाही आकडा मोजला.

"लकड़ी ताती नी होय." लाकूड तापत नाही.

मी फळ्यावर तिचं वाक्य तसंच लिहिलं आणि शेजारी 'ऊष्मा का कुचालक', म्हणजे उष्णतेचा दुर्वाहक.

परीक्षकांचा शेरा फाइलीत अजून आहे: 'आवाज स्पष्ट. फलकलेखनात बोलीभाषा टाळावी.'