आमची वाटचाल : टर्बो पास्कल ते फ्री पास्कल

जुने हिशेबाचे प्रोग्रॅम चालू ठेवणं हा आमच्या फर्मचा धंदा. सुरुवातीचं बहुतेक काम टर्बो पास्कल या पास्कल भाषेच्या कंपायलरमधलं (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनातलं) होतं. कंपायलर आला 1983 मध्ये, आम्ही वापरायचो ती 7.0 आवृत्ती 1992 ची.

पहिली अडचण वेगवान मशीन्सनी आणली. सुमारे 200 मेगाहर्ट्झच्या पुढे गेलं की स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारं क्रट (Crt) युनिट वापरणारा प्रोग्रॅम सुरू होताक्षणीच ‘रनटाइम एरर 200’ देऊन बंद पडायचा. ठरावीक वेळ थांबवणाऱ्या डिले फंक्शनसाठी ते युनिट घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे 55 मिलिसेकंदांत, लूप किती वेळा फिरतो ते मोजतं आणि त्याला 55 नं भागतं. उत्तर 16 बिटांत मावलं नाही की भागाकार कोसळतो. यावर पॅच मिळत होते. 64 बिट विंडोज मात्र 16 बिट प्रोग्रॅम उघडतच नाही, तिथे पॅचचा उपयोग नाही. जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये प्रोग्रॅम चालतो, पण प्रिंटर आणि नेटवर्कवरच्या सामाईक फाइलींची कटकट मागे लागते.

मग पास्कलचेच दोन नवे कंपायलर उरले, डेल्फी आणि फ्री पास्कल. टर्बो पास्कलच्या सहा बाइटी रिअलसाठी (दशांश संख्येच्या प्रकारासाठी) डेल्फीत रिअल48 हा तयार प्रकार आहे, ती तिची जमेची बाजू. तरी आम्ही फ्री पास्कल घेतला: सोर्स खुला, लायसन्सचा प्रश्न नाही, आणि तोच कोड लिनक्सवरही कंपाइल होतो. टीपी मोड (टर्बो पास्कलसारखं वागवणारा) लावला की बराचसा जुना कोड थोड्या दुरुस्तीत पुढे सरकतो. मेम, पोर्ट (मेमरी आणि हार्डवेअरला थेट हात घालणारे) वापरून स्क्रीनवर थेट लिहिणारा भाग मात्र नव्यानंच लिहावा लागतो.

खरी मेहनत डेटा फाइलींची. समजा रेकॉर्डमध्ये इंटिजर (पूर्णांक), 30 अक्षरांची स्ट्रिंग आणि रिअल आहे. टर्बो पास्कलमध्ये 2 अधिक 31 (लांबीचा एक बाइट धरून) अधिक 6, असे 39 बाइट. फ्री पास्कलमध्ये रिअल म्हणजे 8 बाइटी डबल. त्यामुळे टीपी मोडमध्ये, रेकॉर्ड पॅक्ड (मध्ये रिकामी जागा न सोडलेला) असला तरी, 41 होतात. पॅक्ड नसेल तर अलाइनमेंटसाठी सोडलेल्या रिकाम्या बाइटांची भर निराळी. पहिला रेकॉर्डही नीट वाचला जात नाही, आणि पुढचे तर दोन-दोन बाइटनी सरकत जातात. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही!

म्हणून जुना रेकॉर्ड पॅक्ड ठेवतो, इंटिजरच्या जागी 2 बाइटी स्मॉलइंट आणि रिअलच्या जागी रिअल48 (फ्री पास्कलमध्ये हे नुसते सहा बाइट, त्यावर थेट गणित होत नाही) लिहितो, साइजऑफ, म्हणजे रेकॉर्डचा आकार, 39 येतो ना ते पाहतो. फाइलीच्या आकाराला 39 नं भागल्यावर बाकी शून्य यायलाच हवी. मग रिअल2डबल फंक्शननं आकडा बदलून नव्या फाइलीत करन्सी प्रकारात टाकतो. त्यात दशांशानंतर चार स्थळं नेमकी राहतात.

शेवटी राउंड, म्हणजे दशांश संख्येचा जवळचा पूर्णांक काढणं. फ्री पास्कलमध्ये 2.5 चे 2 होतात आणि 3.5 चे 4, अर्धा आला की जवळची सम संख्या. व्याजाच्या तक्त्यात एका पैशाचा फरक दिसला की आम्ही आधी तिथेच बघतो. बिलासाठी अर्ध्याला नेहमी वर नेणारं फंक्शन वेगळं लिहून ठेवलंय.