फायबरचा ट्रेलर घेऊन नागावला: भोकं, दव आणि नारळ

मुंबईहून अलिबागकडे राहायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरची छोटी खोली, गाडीमागे ओढत न्यायचा म्हटलं की लोक पहिला प्रश्न एसीचा विचारतात, दुसरा टॉयलेटचा. पाणी आत कुठून शिरतं, हे कोणी विचारत नाही. फायबरच्या (फायबरग्लासच्या) ट्रेलरचा खरा विषय तोच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. अलिबागजवळच्या नागावला जायची घाई असेल तर पुढचे काही परिच्छेद गाळा, पण निघण्याआधी परत येऊन वाचा.

आमचा ट्रेलर वापरलेला, पुण्याच्या एका गृहस्थांकडून घेतलेला. साच्यातून काढलेली दोन कवचं, एक वरचं आणि एक खालचं, कमरेच्या उंचीवर जोडलेली. कॅनडात विनिपेगला १९६८ साली ‘बोलर’ नावाचा छोटा ट्रेलर निघाला, तो याच पद्धतीचा. तो काढणाऱ्या रे ओलेको यांनी त्याआधी फायबरची सेप्टिक टाकी बनवली होती, हे कळल्यापासून आमच्या घरात ट्रेलरला काय म्हणतात ते सांगत नाही. या रचनेत छपराला सांधा नसतो आणि भिंतीत लाकडी सांगाडा नसतो, त्यामुळे कुजण्यासारखं फारसं काही नसतं. गळती होते ती भोकांतून. खिडकीची चौकट, छपरावरचा झरोका, दिव्याची वायर, कपाटं धरून ठेवणारे रिव्हेट, अशी माणसाने पाडलेली भोकं. त्यामुळे कोणतीही नवीन वस्तू बसवताना आधी एकच प्रश्न विचारायचा: याला भोक पाडावं लागेल का?

गळती शोधायला पावसाची वाट बघू नका. दारं-खिडक्या बंद करायच्या, एका खिडकीत पुठ्ठा लावून त्यातून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून स्प्रेच्या बाटलीने साबणाचं पाणी मारत फिरायचं. जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात. आमच्याकडे झरोक्याच्या मागच्या कोपऱ्यात आणि दाराशेजारच्या दोन रिव्हेटांभोवती बारीक फेस आला. आतून बघाल तर ओलीचा डाग भलतीकडेच होता, कारण पाणी आतल्या फोमच्या मागून वाट काढत खाली उतरतं.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो आधीच्या मालकाने जागोजागी फासलेलं सिलिकॉन काढण्यात. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर) तर नाहीच, आणि ते नुसतं पुसून जात नाही. ब्लेडने सोलून, मग पॉलिश पेपरने घासूनच काढावं लागतं. चौकटीखाली ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला. स्क्रू एका दमात आवळू नका. थोडे आवळा, टेप दबून बाहेर आली की तासाभराने पुन्हा थोडे. फायबरवर जास्त जोर दिला तर भोकाच्या कडेने जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात. नवीन भोक पाडायचंच असेल तर वरची कड थोडी तिरकी घासून घ्या, म्हणजे चिरा जात नाहीत. स्क्रू एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे), आणि समुद्राकडे जाणार असाल तर ३१६ ग्रेडचेच. ३०४ खाऱ्या हवेत हळूहळू तांबूस पडतो. नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मिळतात, पण मागताना ग्रेड सांगावा लागतो.

मागच्या कोपऱ्याला मार बसून फायबर पार उघडं पडलं होतं. मुंबईत या कामाला कारागीर शोधायचे तर कार गॅरेजकडे जाऊ नका, कोळीवाड्यात जा. मच्छीमारांच्या बऱ्याच होड्या आता फायबरच्या असतात आणि त्यांची डागडुजी किनाऱ्यावरच चालते. वर्सोव्याच्या एका काकांनी कोपरा बघितला, बोटाने ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, “हिचं काय नाय, होडीला यापेक्षा मोठं पडतं.” फुटलेली कड त्यांनी चांगली वीतभर लांबीत उतरती घासली, मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) लहान-मोठे तुकडे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवले आणि लोखंडी रोलरने हवा काढली. रोलर फिरला की पांढरी मॅट पाण्यासारखी पारदर्शक होते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा आहे, असं ते दाखवत होते.

हे काम घरी करणार असाल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रेझिन घट्ट व्हायला त्यात दोन गोष्टी घालतात, कोबाल्ट आणि हार्डनर. त्या थेट एकमेकांत कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर. बऱ्याचदा रेझिन कोबाल्ट घालूनच मिळतं, दुकानात विचारून घ्या. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के. मुंबईच्या उकाड्यात एकच्या जवळपासच राहा, नाहीतर डबा हातातच तापून घट्ट होतो. मास्क हवाच, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची भुकटी कातडीत गेली की खाज दोन दिवस जात नाही.

अपग्रेडबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगते. एसी नको. छोटा एसीसुद्धा हजार वॅटच्या आसपास ओढतो, आणि आमची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सगळी मिळून १२८० वॅट-अवर. तासभर थंडावा मिळेल आणि मग रात्रभर अंधार. त्याच बॅटरीवर १२ व्होल्टचा छोटा फ्रीज, दोन पंखे आणि दिवे दिवसभर आरामात चालतात. सोलर पॅनल छपरावर ठोकून बसवण्याच्याही मी विरोधात आहे. एक तर चार-सहा नवी भोकं, आणि दुसरं म्हणजे कोकणात तुम्ही ट्रेलर लावणार वाडीच्या सावलीत. छपरावर ऊन येतं कुठे? आमचं २०० वॅटचं पॅनल सुटं आहे, लांब वायरसकट. ट्रेलर सावलीत आणि पॅनल अंगणात. गॅसवाल्यांसाठी मात्र एक उलटा नियम. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी जे भोक असतं ते थंडी, डास, काहीही कारण असो, बुजवायचं नाही.

ट्रेलर मुंबईत ठेवायची सोय नाही. सोसायटीत विषय काढून बघा, पुढच्या वार्षिक सभेला चर्चेसाठी तुम्हीच असाल. आमचा पनवेलला धाकट्या दिरांच्या गाळ्यात असतो. निघण्याआधी तिथेच चाकांची बेअरिंग उघडून ग्रीस भरलं, टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहिले (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात) आणि भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर घातला. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यायला हवा. तो घरच्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून मोजता येतो. कमी भरला तर ट्रेलर मागे डुलायला लागतो. पाण्याचे कॅन म्हणून बरोबर चाकांच्या वर ठेवले, मागच्या कपाटात नाही. कागदांचंही बघा: ट्रेलरची आरटीओ नोंदणी वेगळी असते, नंबरप्लेटही वेगळी, आणि विम्यात ट्रेलर धरलाय का ते पॉलिसीत वाचून घ्या.

संक्रांतीनंतरचा आठवडा, आठवड्याच्या मधले दिवस. शनिवारी ट्रेलर घेऊन अलिबागच्या रस्त्याला लागणं म्हणजे सगळ्या रायगड जिल्ह्याच्या शिव्या खाणं. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोने तासाभरात गाडीसकट पोहोचता येतं, पण ट्रेलर लावून जायचं तर आधी फोन करून एकूण लांबी सांगून विचारा. आम्ही सरळ रस्त्याने गेलो: पहाटे पनवेल, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ. वडखळला सगळं जग वडापावला थांबतं, तिथे ट्रेलर लावायला जागा नाही. अलीकडच्या एखाद्या मोठ्या पेट्रोल पंपावर थांबा, आणि थांबलात की आधी चाकाच्या मध्याला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बेअरिंग बोलतंय. वडखळहून अलिबागचा फाटा घेतला की पोयनाडपर्यंत गतिरोधकांची माळ आहे आणि निम्म्यांवर पट्टे नाहीत. पहिल्या गिअरला या. रिव्हेट उडतात ते इथे, मुंबईत नाही. कार्लेखिंडीतून उतरताना मी ब्रेकवर पाय ठेवून बसले नाही, दुसऱ्या गिअरलाच उतरवली. वेग सगळीकडे साठच्या आत. ट्रेलर डुलतोय असं वाटलं तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा, तो आपोआप शांत होतो.

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कही आहेत. पण आजच्या घटकेला नागाव-आक्षी पट्ट्यात कामाला येतात त्या नारळी-पोफळीच्या वाड्या, ज्यांच्या मालकांनी मागे दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्यात. आधी फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: फाटक किती फूट रुंद, आत वळायला जागा आहे का, आणि १५ अँपिअरचा प्लग आहे का. फाटकाचं उत्तर नेहमी “ट्रक जातो” असं येतं. ट्रकवाला रोज येणारा असतो आणि त्याला चिऱ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) घासल्याचं दुःख नसतं. मी गाडी रस्त्यावरच उभी केली, टेप घेऊन चालत गेले आणि मग आत आणली. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा: हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. नवरा मागे उभा राहून “आन दे, आन दे” करत होता, तो आरशात दिसत नव्हता. दिसला नाही की थांबायचं, हा आमचा करार आहे.

जागा मी मस्त गर्द सावलीतली निवडली होती. वाडीच्या आजी ओट्यावरूनच ओरडल्या, “तिथं नको गो लावू, नारल परतील!” वर बघितलं तर बरोबर डोक्यावर पिकलेला घड. पंधरा-वीस मीटरवरून आलेला नारळ फायबरच्या छपराचं काय करेल हे सांगायला नको. झावळीसुद्धा झरोक्याचं झाकण फोडू शकते. नारळ नुकतेच पाडलेत का ते विचारा, किंवा सरळ पोफळींच्या कडेला लावा. आम्ही हुक सोडवून, पुढच्या चाकावर हाताने ढकलत ट्रेलर तिकडे नेला. जमीन भुसभुशीत असते, जॅकखाली फळीचे तुकडे लागतातच. किनाऱ्यावर वाळूत उतरायचा मोह मात्र अजिबात नको. तिथून ओढून काढायला ट्रॅक्टर लागतो आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

वीज घेण्याआधी प्लगला सॉकेट टेस्टर लावून अर्थिंग तपासा. ट्रेलर रबरी टायरवर उभा असतो, त्याला स्वतःची अर्थिंग नसते. वाडीच्या प्लगला नसली तर चासीला हात लावल्यावर झिणझिण्या येतील, किंवा त्याहून वाईट काही. आमच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे, ती माझ्या मते पहिली अपग्रेड, फ्रीजच्याही आधीची.

रात्री आजींच्या मुलांनी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वरून पुन्हा पाला, मडकं पालथं आणि भोवती जाळ. तेल नाही, पाणी नाही. सीझन हाच, थंडीतला. भांबुर्ड्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना होता, आणि मी ट्रेलरमध्ये स्वयंपाक का करत नाही याचं निम्मं उत्तर तेच.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे ओल. जानेवारीत किनाऱ्यावर रात्री दव चांगलं पडतं, फायबरचं कवच गार होतं आणि आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्यावर जमते. गॅस जळतानाही वाफ निघतेच. पहाटे छपरातून थेंब पडला की लोकांना वाटतं गळतंय, आणि ते वर चढून सिलिकॉन फासतात. आधी बोट लावून बघा: कपाटाच्या आतला कोपरा, खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, रिव्हेटचं डोकं, ही सगळी ओली असतील तर ते दव आहे. उपाय एकच, हवा खेळती ठेवणं. झरोका बोटभर उघडा, समोरची खालची खिडकी बोटभर उघडी, आणि पंखा हवा बाहेर फेकेल असा. डासांची जाळी असतेच. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलंत तर गादीच्या खाली हात घालून बघा सकाळी. आम्ही गादीखालच्या प्लायवर लाकडी पट्ट्या टाकल्यात, खालून वारा जातो, आणि मुक्काम संपेपर्यंत गादी कोरडी राहिली.

अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी आजींना विचारून पोफळीच्या आळ्यात सोडलं, साबण बेताचा वापरून. टॉयलेटचा डबा मात्र कुणाच्या वाडीत रिकामा करायचा नाही. त्यांच्या खोल्यांचं टॉयलेट वापरायचं आणि त्याचे पैसे आपणहून भाड्यात धरायचे.

परतल्यावर पनवेलला त्याच संध्याकाळी चासी, स्प्रिंग आणि ब्रेकचे ड्रम गोड्या पाण्याने धुऊन काढले. किनाऱ्यावर उतरला नसलात तरी खारी हवा लागतेच. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीला जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटला व्हॅसलीनचं बोट. दिवे मंद झाले तर बल्ब बदलण्याआधी अर्थची वायर घासून बघा, दहातल्या आठ वेळा तीच असते. जेलकोटवर खडूसारखी पांढरी पूड हाताला येत असेल तर रबिंग कंपाउंड मारून वॅक्स करा. आणि जूनआधी झाकून ठेवताना ताडपत्री अंगाला चिकटवू नका. बांबूवर उंच बांधा, बाजू उघड्या ठेवा, फ्रीजचं दार आणि सगळी कपाटं उघडी ठेवा. ताडपत्रीखाली ओल कोंडली की जेलकोटवर जे पांढरे चट्टे उठतात, ते पुढच्या दिवाळीपर्यंत घासत बसावे लागतात.