माजलगावच्या पाण्यावर स्की-बोट : या हंगामातली प्रगती

या हंगामात आमच्या गटानं स्कीपेक्षा बोट चालवण्यावर जास्त वेळ दिला. बोटीच्या दोराला धरून स्कीवर पाण्यावरून घसरत मागे येणाऱ्या माणसाच्या ताब्यात फक्त हँडल असतं. वेग किती, वळायचं कुठं, समोर काय आडवं येतंय, पडल्यावर त्याच्यापर्यंत कसं पोहोचायचं, हे सगळं चालवणाऱ्याच्या हाती. १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला, हे या छंदातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. बोट त्याचा भाऊ बेन चालवत होता. माझ्या लेखी त्यातलं निम्मं श्रेय बेनचं आहे, आणि ही नोंद बेनच्या जागी बसणाऱ्यांसाठी आहे.

आमचं पाणी म्हणजे बीड जिल्ह्यातलं, सिंदफणेवरचं माजलगाव धरण. नाथसागर, म्हणजे पैठणचा जायकवाडी जलाशय, एवढा अफाट असताना इथं कशाला, असं संभाजीनगरकडचे मित्र विचारतात. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात. त्या पाण्यावर ताशी ४०-५० किलोमीटरनं मोटरबोट पळवायची कल्पनाच आम्हाला सहन होत नाही, त्यामुळं तो विषय पहिल्याच बैठकीत संपला. बोट साधी फायबरची आहे, मागे बाहेरून लावलेलं ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, आणि दोर मागच्या कडीला. बोटीची नोंदणी, विमा आणि पाण्यावर उतरण्याची परवानगी हे हंगामाआधी उरकलेलं बरं. देशात २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, आणि छंदाची बोट आहे म्हणून कागद नकोत असं होत नाही.

दसऱ्याच्या आसपास

धरण भरलेलं असलं की सगळं पाणी सारखंच दिसतं. खाली मात्र वेड्या बाभळीची खोडं, शेतांचे दगडी बांध, जुन्या विहिरींचे कठडे तसेच उभे असतात. मागच्या उन्हाळ्यात काठ उघडा पडला होता तेव्हा आम्ही तो पायी तुडवला आणि दिसेल ते खोड, दिसेल तो दगड मोबाइलच्या नकाशात खूण करून ठेवला. भर उन्हात चिखल तुडवायचं ते काम कुणाला आवडत नव्हतं. पण आज आमच्याकडे बोट पळवायच्या पट्ट्याचा जो नकाशा आहे तो त्यातूनच आला, आणि धरणाच्या पाण्यावर स्की करणाऱ्या कुठल्याही गटानं पहिलं काम हेच करावं असं मी आग्रहानं सांगेन.

पट्टा आखताना दोन आकडे धरले. संपूर्ण पट्ट्यात किमान २ मीटर खोली, आणि बोटीच्या दोन्ही अंगांना ३०-३० मीटर मोकळं पाणी. नवख्या चालकाला दुसरा आकडा पटायला वेळ लागतो. बोट सरळ चालली असली तरी २३ मीटरच्या दोरावरचा माणूस लाट ओलांडून बाहेर झेपावला की तो पार बोटीच्या बाजूला येऊ शकतो. त्यामुळं रस्ता बोटीपुरता बघून भागत नाही, दोराच्या लांबीएवढा बघावा लागतो. खोली मोजायला गाठी मारलेली दोरी आणि टोकाला लोखंडी वजन पुरतं.

या महिन्यात सगळ्यात जास्त घोटून घेतलेली गोष्ट म्हणजे चालकानं मागे बघायचं नाही. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. मान वळवून मागच्या माणसाची गंमत ३ सेकंद बघितली तर बोट ३० मीटर आंधळी गेली. तेवढ्यात समोर तराफा येऊ शकतो, तरंगणारा ओंडका येऊ शकतो. शिवाय बोट आत्ता जिथं आहे तिथं स्कीवाला जेमतेम सव्वादोन सेकंदांनी पोहोचणार असतो, म्हणजे चालकानं टाळलं नाही ते त्याच्या पायाखाली येणार. म्हणून मागे तोंड करून बसणारा वेगळा माणूस हवाच. आम्ही त्याला नजरदार म्हणतो. तो नसेल तर बोट दोर ओढत नाही, मग स्कीवाला कितीही तयारीचा असो. नजरदाराच्या जागी आम्ही मुद्दाम तेच लोक बसवतो जे पुढच्या महिन्यात बोट चालवायला शिकणार आहेत. मागचा माणूस कधी दमतो, कधी बिचकतो, हे त्यांच्या आधीच अंगवळणी पडतं.

इशारे जगभर चालतात तेच ठेवलेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे काठाकडे चल, गळ्यावरून आडवा हात म्हणजे ताबडतोब थांब. ते नजरदार बघतो आणि मोठ्यानं बोलून चालकाला सांगतो.

दिवाळीनंतर

पहाटेचं पाणी या दिवसांत काचेसारखं असतं आणि दहा-अकरानंतर वारा धरतो. नव्या माणसांना आम्ही पहाटेच उभं करतो.

ओढायची पद्धत आता बसली आहे. बोट आधी अगदी सावकाश पुढं घेऊन दोराचा ढिलेपणा काढायचा. दोर हाताला, बोटाला, पायाला कुठं वेढला नाही ना, हे नजरदारानं डोळ्यांनी बघायचं. स्कीची टोकं पाण्याबाहेर आणि गुडघे छातीशी दिसले पाहिजेत. पाण्यातून "ओढ!" असा आवाज आला की मगच थ्रॉटल. दुसरा कुठलाही शब्द आला, नीट ऐकू आलं नाही, तर न्यूट्रल. थ्रॉटल धसक्यानं दिला की नवखा माणूस तोंडावर पालथा होतो, आणि फार हळू दिला की पाणी पीत फरफटतो. या दोन्हींच्या मधला एकसंध जोर हाताला कळायला वेळ लागतो. माणूस उभा राहिला की लगेच थोडा थ्रॉटल मागे घ्यायचा, नाहीतर बोट हलकी होऊन एकदम उसळते आणि दोर हिसका देतो. दोन स्कीवरच्या मोठ्या नवख्याला आम्ही ताशी ३० ते ३५ ठेवतो, लहान मुलांना २० ते २५. त्यांनी अंगठा वर केला तरच वाढवतो.

पडलेल्या माणसाकडे परत जाणं हे मला या छंदातलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नजरदार "पडला!" म्हणतो आणि हात वर करून धरतो, म्हणजे दुसऱ्या बोटींना, तराफ्यांना कळतं की पाण्यात माणूस आहे. चालकाचा पहिला मोह असतो गर्रकन वळायचा. तसं वळलं की आपलीच मोठी लाट फिरून पडलेल्या माणसावर जाते आणि पट्टाभर पाणी खवळतं. थ्रॉटल एकदम शून्यावर आणला तरी त्रास, कारण मागून येणारी आपलीच लाट आउटबोर्डवरून बोटीत शिरते. म्हणून थ्रॉटल उतरवत आणायचा, बोट सरळच ठेवायची, ती पाण्यात बसली की मग सावकाश वळायचं आणि आपण आलो त्याच रेषेनं परत जायचं. तोवर नजरदारानं माणसावरची नजर हलवायची नाही. पडलेल्यानं दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखवले म्हणजे तो ठीक आहे. इशारा आला नाही तर तो जखमी आहे असंच धरायचं, खात्री करून घ्यायला दुसरी फेरी मारायची नाही. स्की सुटली असेल तर ती उभी धरून ठेवायला आम्ही सगळ्यांना शिकवलंय, कारण पाण्यावर नुसतं डोकं लांबून दिसत नाही.

जवळ जाताना माणूस चालकाच्या अंगाला हवा, म्हणजे तो शेवटपर्यंत दिसतो. बोट वाऱ्याच्या खालच्या अंगानं न्यायची, नाक वाऱ्याकडे. वरच्या अंगाला थांबलं तर वारा बोट ढकलत माणसावर घालतो. दोर नुसता परत द्यायचा असेल तर त्याच्याभोवती मोठा संथ वळसा घेतला की हँडल आपोआप हातात येतं. त्याला वर घ्यायचं असेल तर इंजिन बंद. न्यूट्रलवर विसंबायचं नाही, कारण बोटीत कुणाचा धक्का लिव्हरला लागला की पंखा फिरतो. माणसाकडे रिव्हर्समध्ये जाणं तर आमच्याकडे पूर्ण बंद आहे. पंखा मागेच असतो आणि शिडीही मागेच असते, त्यामुळं किल्ली फिरवून इंजिन गप्प झाल्याशिवाय कुणी शिडीला हात लावत नाही. इंजिन चालू असताना मागच्या बाजूला कार्बन मोनॉक्साइडही साचतो, त्याला ना रंग ना वास. किल स्विचची दोरी चालकाच्या लाइफ जॅकेटला अडकवलेली असते. तो बाहेर फेकला गेला तर इंजिन तिथंच मरतं.

हा सगळा क्रम रिकाम्या डब्यावर घोटला. पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन पाण्यात टाकायचा आणि चालकानं त्याच्याजवळ असं जाऊन थांबायचं की हात लांबवून कॅन उचलता यावा आणि बोटीचा त्याला स्पर्श होऊ नये. आमच्यातल्या एक शिक्षिका ताई यात सगळ्यांच्या पुढं निघाल्या. त्या कॅनच्या बऱ्याच आधी न्यूट्रल करतात आणि उरलेलं अंतर बोटीला वाहू देतात. आता नव्या चालकांना त्याच शिकवतात.

संक्रांतीच्या पुढे

माजलगावचं पाणी फक्त उतरतं असं नाही. पैठणचा उजवा कालवा इथं येतो, त्यामुळं जायकवाडीतून पाणी सुटलं की बीड जिल्ह्यात थेंब पडलेला नसताना इथली पातळी चढते. चढतं पाणी मला उतरत्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. मागच्या आठवड्यात टोक बाहेर काढून उभी असलेली बाभळ या आठवड्यात वीतभर पाण्याखाली जाते, आणि डोळ्यांना कालची मोकळी जागा आठवत असते. म्हणून पट्ट्याची पहिली फेरी रिकामी, दोर न सोडता, संथ वेगात, गाठींची दोरी सोडत. पाण्याची पातळी फळ्यावर लिहिल्याशिवाय टाकीत पेट्रोलही पडत नाही.

मच्छीमारांशी बोलणं या महिन्यात पूर्ण झालं. जाळी संध्याकाळी लागतात आणि सकाळी निघतात, म्हणजे नेमक्या आमच्या वेळेला. तराफ्यावरच्या मामांनी स्वतःच सुचवलं की जाळ्याच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचे डबे बांधतो. आमच्याकडून शब्द एवढाच, की तराफा दिसला की लांबूनच वेग सोडायचा. थर्मोकोलच्या तराफ्याला स्की-बोटीची लाट आडवी लागली तर तो उलटू शकतो, आणि त्यावरच्या माणसाच्या अंगात लाइफ जॅकेट नसतं. पाणी आधी त्यांचं, त्यांच्या पोटाचं आहे. आपण मागून आलो आहोत. आता मामा हात करून जाळं कुठं आहे ते दाखवतात, आणि त्यांचा हात जिकडे असेल ती बाजू त्या दिवशी आम्ही सोडतो.

इंजिनाबद्दल थोडं. गाळामुळं वेगमापकाची पाण्यातली नळी तुंबते आणि काटा खाली पडतो. चालकाला वाटतं वेग कमी आहे आणि तो थ्रॉटल वाढवतो. त्यामुळं वेग आता जीपीएसवरच बघतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार आउटबोर्डमधून बाहेर पडते ना, हे नजरदार दर फेरीला बघतो. काळ्या मातीचा गाळ पंपातलं पाणी ढकलणारं चाक, म्हणजे इम्पेलर, झिजवतो, आणि जलपर्णी किंवा कॅरिबॅग इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसली की धार बारीक होते.

शिमग्यानंतर

पाणी मागे सरलं की काठावर गाळपेर सुरू होते आणि शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी पाण्यामागे पुढं येतात. काळे पाइप तरंगत असतात, त्यांच्यासोबत वायरही असते. आमचा नियम सरळ आहे : पाइप दिसला म्हणजे तिथं वीज आहे असं धरायचं आणि त्या अंगाला माणूस पाण्यात उतरवायचा नाही.

तरुण मंडळींना स्लॅलमचे, म्हणजे बोयांना (तरंगत्या खुणांना) वळसे घालत नागमोडी स्की करायचे, वेध लागलेत. नियमाचा कोर्स २५९ मीटरचा, ६ बोया, प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर, आणि पुरुषांचा कमाल वेग ताशी ५८. त्या वेगात बोट १६ सेकंदांत कोर्स पार करते. आमच्या बोटीला दोर मागच्या कडीला असल्यानं स्कीवाला झेपावला की बोटीची शेपूट त्याच्याकडे ओढली जाते. खऱ्या स्की-बोटीत दोराचा खांब मधोमध असतो, त्यामुळं तिथं हा त्रास कमी. म्हणून बोया टाकण्याआधी आम्ही चालकांकडून काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून सरळ चालवायचा सराव घेतोय, मागे माणूस जोर लावत असताना. स्टिअरिंग मोठं फिरवायचं नाही. ओढ येण्याच्या किंचित आधी हलकासा विरोध द्यायचा, एवढंच. दोघांना जमायला लागलंय, बाकीच्यांची रेषा अजून नागमोडी आहे.

पट्ट्याच्या पूर्वेकडच्या टोकाला आता दोरी २ मीटर भरत नाही, तेवढा भाग बंद केला. उरलेली लांबी नवख्यांना पुरते, स्लॅलमला नाही. खोली आणखी उतरली की बोट काठावर चढेल, इम्पेलर बदलून घेऊ आणि पुन्हा पायी मोजणीला निघू. या वेळी पश्चिमेकडच्या जुन्या विहिरींच्या बाजूला पट्टा सरकवता येतो का, ते बघायचं आहे.