गिटार ड्रॉप डी मध्ये, आवाज ड्रॉप ए मध्ये

आमच्या बँडच्या सेटमध्ये तीन ट्युनिंग झाली होती. जुनी दोन गाणी ड्रॉप डी मध्ये (म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवलेली), बरीचशी ड्रॉप सी मध्ये आणि नवीन केलेली दोन ड्रॉप ए मध्ये, म्हणजे सगळ्याच तारा आणखी खाली. नीट करायचं तर तीन गिटारी पाहिजेत आणि मला मनापासून आवडणारी माझ्याकडे एकच आहे, तिला फ्लॉइड रोज ब्रिज, म्हणजे तारांचा ताण मागच्या स्प्रिंग्जवर तोलून धरणारा. ज्यांनी तो वापरलाय त्यांना माहितीये, एक तार ढिली केली की बाकीच्या पाच चढतात, मग त्या उतरवा, मग पहिली परत बघा, त्यातही आधी अ‍ॅलन कीने नटवरचं (गिटारच्या मानेच्या टोकाचं) लॉक उघडा, आणि हे सगळं दोन गाण्यांच्या मध्ये, लोक समोर उभे असताना. होत नाही. आणि डोंबिवलीहून दादरला संध्याकाळच्या वेळी एक गिटार खांद्याला लावून जाता येतं, दोन घेऊन लोकलमध्ये शिरताच येत नाही.

म्हणून डिजिटेक कंपनीचं ड्रॉप नावाचं पेडल घेतलं, सेकंडहँड; तारा न ढिल्या करता ते गिटारचा आवाज खाली नेतं. त्यावर एक नॉब आहे, एक ते सात सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे गिटारवर एक फ्रेट) खाली, मग ऑक्टेव्ह म्हणजे अख्खं सप्तक खाली, मग ऑक्टेव्ह आणि सोबत मूळ आवाज. याच कंपनीचं व्हॅमी १९८९ पासून आहे, रेज अगेन्स्ट द मशीन बँडच्या टॉम मोरेलोचे ते किंचाळणारे सोलो त्यावरचेच, पण व्हॅमीचं मुख्य काम पायाने स्वर वरखाली ओढणं, आणि ड्रॉपचं काम म्हणजे अख्खी गिटार खाली नेऊन तिथेच ठेवणं, कॉर्डसकट. माझा हिशोब सरळ होता, गिटार ड्रॉप डी मध्ये ठेवायची, नॉब २ वर म्हणजे ड्रॉप सी, ५ वर म्हणजे ड्रॉप ए.

पहिल्या रात्री हेडफोन लावून वाजवलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. दोन सेमीटोनला तर कळतच नव्हतं की मध्ये काही लावलंय. पाचलाही मोठे ओपन कॉर्ड मस्त वाटले. मग बँडमधल्या मित्राने त्याच्या सात तारांच्या गिटारवर (२६.५ इंच स्केल म्हणजे तारेची लांबी, खरोखर ए ला ट्यून केलेली) तोच रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारी गिटारची धून, रेकॉर्ड करून पाठवला आणि मी दोन्ही ट्रॅक एकामागे एक ऐकले. स्वर तोच, टेम्पो तोच, अ‍ॅम्पची सेटिंगही तीच. पण त्याच्या ट्रॅकमध्ये प्रत्येक फटक्याला तारेचा एक लोखंडी कडकडाट होता आणि माझ्या ट्रॅकवर कोणीतरी चादर टाकल्यासारखं वाटत होतं.

हे असं का होतं ते मला समजून घ्यायचंच होतं, त्यात बरेच दिवस गेले.

पहिली गोष्ट तारेची. खालची डी म्हणजे ७३ हर्ट्झ, ए म्हणजे ५५. तीच तार डी वरून ए वर ढिली केली तर तिचा ताण जवळपास ५६ टक्क्यांवर येतो. म्हणून लोक जाड तारा आणि लांब स्केल वापरतात, पण तरी खाली ट्यून केलेल्या गिटारमध्ये थोडा सैलपणा राहतोच आणि मेटलचा आवाज बराचसा त्या सैलपणातून येतो. जोरात मारलं की स्वर क्षणभर वर चढतो आणि मग खाली बसतो, तार फ्रेटवर आपटते. मेटलच्या सुरुवातीच्या बँडपैकी ब्लॅक सबाथ, त्याचा गिटारिस्ट टोनी आयोमीचं उदाहरण बघा, १७ व्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवर दाबायचा हात तोच. पुढे ब्लॅक सबाथच्या १९७१ च्या रेकॉर्डवर गिटार सी शार्पपर्यंत उतरवली, कारण ढिल्या तारा त्या बोटांना सोप्या जात होत्या. म्हणजे या आवाजाच्या मुळाशीच ढिली तार आहे. पेडलमध्ये तार ताठच राहते, फक्त तिचा आवाज खाली जातो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वॉकमनचे सेल उतरले की गाणं कसं जड आणि घोगरं व्हायचं आठवतंय? गायक खालच्या पट्टीत गातोय असं ते कधीच वाटायचं नाही, माणूसच कोणी वेगळा वाटायचा, कारण स्वरासोबत त्याचा गळाही खाली जायचा. इलेक्ट्रिक गिटारचा गळा म्हणजे पिकअप, तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. पिकअप आणि केबल मिळून काही हजार हर्ट्झच्या आसपास एक उठाव देतात आणि तार कितीही ढिली करा, तो उठाव आपल्या जागी असतो. पेडल मात्र त्यालाही खाली ओढतं. पिकच्या (तार छेडायच्या चकतीच्या) आवाजात ५००० हर्ट्झला जी धार होती ती पाच सेमीटोनला ३७५० च्या आसपास येऊन बसते. चादर म्हणतोय ती हीच.

आणि गंमत बघा, मिक्समध्ये गिटारचा खालचा भाग आपण कापूनच टाकतो, ७०-८० हर्ट्झच्या खालचं सगळं बेस गिटारला सोडतो. म्हणजे ५५ हर्ट्झचा मूळ स्वर गिटारमधून जवळजवळ ऐकूच येत नाही, आपल्याला ऐकू येतात त्याच्या वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) आणि पिकचा फटका. जे पेडल सगळ्यात चांगलं देतं ते आपण कापतो आणि जिथे ते कमी पडतं नेमकं तेच आपल्याला हवं असतं. मेशुगा या स्वीडिश मेटल बँडने २००२ चा अल्बम सात तारांच्या गिटारी ढिल्या करून रेकॉर्ड केला होता आणि २००६ मध्ये त्यातले गिटारचे भाग आठ तारांच्या गिटारींवर परत वाजवून अल्बम पुन्हा काढला. पूर्वी मला हा हट्ट वाटायचा, आता वाटत नाही.

बरं, मग पेडल वाया गेलं का, तर अजिबात नाही. त्याच्या स्वभावाप्रमाणे वाजवावं लागतं एवढंच. सगळ्यात आधी, ते डिस्टॉर्शनच्या (गिटारचा आवाज खरखरीत, फाटका करणाऱ्या इफेक्टच्या) आधीच लावा, कारण एकदा कॉर्ड डिस्टॉर्ट झाला की त्यातले स्वर एकमेकांत मिसळून जातात आणि मशीनला ते सुटे करता येत नाहीत. ट्यूनर त्याच्याही आधी. मग पेडल आणि अ‍ॅम्पच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर नावाचं दुसरं पेडल, ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल, टोनचा नॉब घड्याळाच्या बाराच्या पुढे. ते सर्किट साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं कमी करत जातं त्यामुळे चिखल जातो आणि कडा परत येतात, हा एक बदल मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. पिक १.५ मिमीचा, टोकदार, आणि हात ब्रिजजवळ. गिटारमधूनच जास्त धार पाठवली की खाली आल्यावर ती योग्य जागी पडते.

पाम म्यूटचं (तळहाताने तारा दाबून मारलेल्या आखूड फटक्यांचं) दुखणं मात्र राहतं. आवाज पाच सेमीटोन खाली न्यायचा म्हणजे १०० मिलिसेकंदांचा तुकडा १३३ चा होतो, पण तोवर तुम्ही पुढची नोट मारलेली असते, मग मशीनला मधले बारीक तुकडे गाळून जोड द्यावे लागतात. १८० च्या टेम्पोला सोळाव्या भागाच्या नोट ८३ मिलिसेकंदांवर येतात, त्यात असा जोड नेमका फटक्यावर आला की ‘चग’ अशा घट्ट आवाजाऐवजी पचकन काहीतरी ऐकू येतं. थोडा उशीरही होतोच. खालच्या डीचं एक आवर्तनच १३.६ मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे मशीन अगदी ताबडतोब काही करू शकत नाही. १० मिलिसेकंद म्हणजे अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटर लांब उभं राहण्यासारखं, ऐकणाऱ्याला कळत नाही पण वाजवणाऱ्या हाताला कळतं. मी ड्रॉप ए वाल्या गाण्यांत अ‍ॅम्पच्या अगदी जवळ उभा राहतो, तेवढाच उशीर कमी.

घरी हळू आवाजात वाजवणाऱ्यांसाठी: अ‍ॅम्प लहान असेल तर तारांचा खरा आवाजही कानावर येतो आणि तो वेगळ्या स्वरात असतो. एक सेमीटोनला तर असह्य होतं. कान झाकणारे हेडफोन लावा नाहीतर आवाज मोठा ठेवा. अ‍ॅम्पसमोर उभं राहून फीडबॅक (स्पीकरच्या आवाजाने तार आपोआप वाजत राहणं) धरायचाय तर तोही नीट लागत नाही, स्पीकर ए म्हणतोय आणि तार डी, एकमेकांना साथच देत नाहीत. आणि पॉवर सप्लाय बघून घ्या, १०० एमएच्या (मिलिअँपिअरच्या) आउटलेटवर या पेडलचं भागत नाही. एका जॅममध्ये ऐन ब्रेकडाऊनला (गाण्यातल्या सगळ्यात जड भागाला) माझा आवाज पूर्ण गेला होता आणि केबल बदलून बदलून अर्धा तास घालवल्यावर मला आउटलेटवरचा आकडा दिसला.

शेवटी आम्ही मधला रस्ता काढला. एका रविवारी बसून गिटारला ११-५६ जाडीच्या तारा लावल्या, मागच्या स्प्रिंग्ज, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर येण्याची जुळणी), सगळं परत केलं आणि गिटार खरोखरची ड्रॉप सी मध्ये आणली. ड्रॉप डी ची दोन जुनी गाणीही तिथेच उतरवली, आमच्या गायकाने एकदा गाऊन बघितली आणि म्हणाला की त्याला हीच पट्टी बरी. म्हणजे आता पेडल फक्त दोन गाण्यांना लागतं आणि तेही तीनच सेमीटोन. तार खरी जाड, खरी थोडी सैल, आपटते खऱ्यासारखी, आणि उरलेलं अंतर पेडल भरून काढतं. मित्राला नवीन ट्रॅक पाठवला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, सात तारांची कधी घेतलीस?